अवयवदान : घरच्यांचं मन कसं वळवाल?

कार्डावर सही करणं सोपं असतं; पण वेळ येते तेव्हा उत्तर द्यावं लागतं ते घरच्यांना. म्हणून हा विषय रुग्णालयाच्या दारात नव्हे, घरातच बोलून ठेवायला हवा. तो कसा काढावा आणि कुठे थांबावं, याविषयी थोडंसं.

विम्याचे कागद कुठल्या खणात आहेत, हे तुम्हाला ठाऊक असतं. लॉकरची किल्ली, गॅसचं पुस्तक, धाकट्याच्या जन्माचा दाखला, सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी, सगळं तुमच्या डोक्यात पक्कं असतं. यजमानांना आमटी कशी लागते आणि लेकीला कुठला रंग मुळीच खपत नाही, हे तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. पण समजा, उद्या कुणी विचारलं, "तुमच्या यजमानांची अवयवदानाला तयारी होती का हो?" तर काय उत्तर द्याल?

"काय हे अभद्र बोलणं!" असंच मनात आलं ना? साहजिक आहे. आपल्या घरांतून मरणाचा विषय निघाला, की कुणीतरी 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणून तो तिथल्या तिथे मिटवतं.

पण त्याचा परिणाम काय होतो तेही पाहा. धडधाकट माणूस सकाळी स्कूटरवरून बाहेर पडतो आणि दुपारी रुग्णालयातून फोन येतो. दोन दिवस घरचे सगळे अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून काढतात. तिसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात, मेंदू मृत झाला आहे. आणि मग कुणीतरी हलक्या आवाजात विचारतं, "त्यांची स्वतःची इच्छा काय होती?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. कुणालाच ठाऊक नसतं. आणि ठाऊक नसलं, की माणूस 'नको' म्हणतो. तो कठोर असतो म्हणून नव्हे, तर गेलेल्या माणसाच्या वतीने एवढा मोठा होकार द्यायची कुणाची छाती होत नाही म्हणून.

दधीची ऋषींची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वृत्रासुराला मारायला वज्र हवं होतं, म्हणून देवांनी त्यांच्याकडे अस्थी मागितल्या आणि त्यांनी त्या दिल्या. त्या कथेतली एक गोष्ट मात्र आपल्या लक्षात येत नाही. देवांनी विचारलं ते दधीचींना, आणि 'हो' म्हणाले तेही स्वतः दधीचीच. त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलाबाळांना कुणी कोड्यात टाकलं नाही. आपण सगळा भार टाकतो तो नेमका घरच्यांवर.

मेंदू मृत होतो म्हणजे काय?

घरी बोलायचं तर आधी आपल्याला नीट ठाऊक हवं. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आपल्याकडे १९९४ साली झाला. १९९५ च्या फेब्रुवारीत तो सर्वांत आधी ज्या राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. मेंदूचा मृत्यू हाही मृत्यूच, असं या कायद्याने मान्य केलं.

डोक्याला जबर मार लागला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, तर कधीकधी मेंदूचा बुंधा कायमचा निकामी होतो. श्वास चालवणारं केंद्र तिथेच असतं. ते गेलं की माणूस पुन्हा आपणहून श्वास घेऊ शकत नाही. व्हेंटिलेटर मात्र हवा आत-बाहेर करत राहतो. आणि हृदयाला स्वतःची अशी लय असल्यामुळे, प्राणवायू मिळतोय तोवर तेही काही काळ धडधडत राहतं. छाती वरखाली होताना दिसते, हात ऊबदार लागतो. अशा वेळी 'तो गेला' हे आईला कसं पटावं? ही गोष्ट आधी माहीत असलेल्यांनाही पचत नाही. मग ज्यांनी ती त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकली, त्यांची काय कथा!

कोमा आणि मेंदूमृत्यू यांत पुष्कळ जणींची गल्लत होते. कोमातला माणूस जिवंत असतो, तो शुद्धीवर येण्याची आशा असते. मेंदू मृत झालेला माणूस परत येत नाही. म्हणूनच हा निर्णय एकट्या-दुकट्या डॉक्टरवर सोडलेला नाही. चार डॉक्टरांचं मंडळ सगळ्या चाचण्या करतं, आणि किमान सहा तासांनी त्याच चाचण्या पुन्हा करतं. या चौघांपैकी कुणीही प्रत्यारोपण करणाऱ्या पथकात नसतो.

अशा एका दात्याकडून हृदय, दोन फुप्फुसं, यकृत, दोन मूत्रपिंडं, स्वादुपिंड आणि आतडं मिळून आठ जणांपर्यंत जीवदान मिळू शकतं. डोळे आणि त्वचा ही वेगळीच.

आता कार्डाचं. अवयवदानाच्या प्रतिज्ञापत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यांतला निदान एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. हा नियम मोठा शहाणपणाचा आहे, कारण त्यामुळे घरात निदान एकापाशी तरी तोंड उघडावंच लागतं. तरीसुद्धा प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा रुग्णालय जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती मागतंच. कार्ड पाकिटात राहतं आणि शेवटचा शब्द घराचा ठरतो.

साडीच्या दुकानातलं मानसशास्त्र

घरच्यांचं मन वळवायचं तरी कसं? त्याचंही एक शास्त्र आहे, आणि गंमत म्हणजे त्याचे धडे आपण दर दिवाळीला साडीच्या दुकानात गिरवत असतो. दुकानदार आधी थंड मागवतो. मग म्हणतो, "वहिनी, घेऊ नका, नुसत्या बघा तर खरं!" दोन साड्या उलगडून झाल्या की हळूच सांगतो, "तुमच्याच कॉलनीतल्या चौघी आत्ताच ही नेऊन गेल्या," आणि शेवटी, "या रंगातला एवढा एकच नग राहिलाय हं." घरी येऊन पिशवी उघडल्यावर आपल्यालाच प्रश्न पडतो, 'ही का बरं घेतली आपण?'

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी याच गोष्टींचा अभ्यास केला. त्यासाठी ते विक्रेत्यांच्या आणि वर्गणी गोळा करणाऱ्यांच्या प्रशिक्षणात स्वतः जाऊन बसले, आणि १९८४ साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं. माणूस 'हो' म्हणतो त्यामागे सहा धागे असतात, असं त्यांचं सांगणं. कुणी आपल्याला काही दिलं की परतफेड करावीशी वाटते. एकदा शब्द दिला की तो पाळावासा वाटतो. चारचौघं करतात ते करावंसं वाटतं. आवडत्या माणसाचं ऐकावंसं वाटतं, जाणत्याचं ऐकावंसं वाटतं. आणि दुर्मीळ वस्तू हातची जाऊ नये असंही वाटतं.

हे सगळं साडी खपवायला चालतं, मग जीव वाचवायला का चालू नये? इंग्लंडच्या सरकारी मंडळींनाही २०१३ साली हाच प्रश्न पडला. तिथे गाडीचा कर भरून झाला किंवा वाहन परवान्याचं काम झालं, की शेवटी पडद्यावर अवयवदात्यांच्या यादीत नाव नोंदवण्याची विनंती येते. त्यांनी त्या विनंतीचे आठ वेगवेगळे मजकूर तयार केले आणि दहा लाखांहून अधिक लोकांना त्यांतला कुठला ना कुठला दाखवला.

एकात होतं, रोज हजारो माणसं हे पान बघून नाव नोंदवतात. दुसऱ्यात त्याच वाक्याशेजारी माणसांच्या घोळक्याचं छायाचित्र होतं. आणखी एकात, अवयव न मिळाल्यामुळे रोज तीन माणसं दगावतात, असं लिहिलं होतं. सर्वांत जास्त नावं कशामुळे आली असतील, सांगा पाहू?

ती आली एका साध्या प्रश्नामुळे. तुम्हाला स्वतःला अवयवाची गरज पडली, तर तुम्ही तो घ्याल का? घेणार असाल, तर दुसऱ्यालाही मदत करा. एवढंच! हाच मजकूर सगळीकडे वापरला तर वर्षाला सुमारे ९६ हजार नावं जास्त नोंदली जातील, असा अंदाज त्यातून निघाला. आणि छायाचित्राचं काय झालं? ते लावलं नसतं तर बरं झालं असतं! कारण नुसत्या साध्या विनंतीपेक्षाही त्या पानावर कमी नावं आली.

मैत्रिणींनो, यातून आपल्याला घेण्यासारखं पुष्कळ आहे. घरात व्याख्यान देऊ नका. आकडे तोंडावर फेकू नका. शेजारच्यांनी अर्ज भरला म्हणून आपणही भरायचा, हेही नको. एवढंच विचारा, "आपल्या नंदूला उद्या मूत्रपिंड लागलं, तर दुसऱ्याचं घेऊ ना आपण?" यावर 'नाही' म्हणणारी आई अजून जन्माला यायची आहे. आणि 'घेऊ' म्हटलं, की 'मग देऊ का?' हा प्रश्न तुम्हाला वेगळा विचारावा लागत नाही. तो ज्याचा त्याच्या मनात आपोआप उभा राहतो.

लहान 'हो' आणि मोठा 'हो'

१९६६ साली कॅलिफोर्नियातल्या गृहिणींवर झालेला एक प्रयोगही मजेदार आहे. 'गाडी जपून चालवा' असा भला थोरला, ओबडधोबड फलक तुमच्या अंगणात लावू का, असं काही घरी एकदम विचारण्यात आलं. शंभरातल्या १७ जणी तयार झाल्या. दुसऱ्या काही घरी दोन आठवडे आधी याच अर्थाची बोटभर चिठ्ठी खिडकीत लावायला दिली होती. तिथे त्याच बोजड फलकाला शंभरातल्या ७६ जणींनी होकार दिला. लहान 'हो' म्हणून झालं, की मोठ्या 'हो'ची वाट सोपी होते.

आपल्या घरातला लहान 'हो' म्हणजे नेत्रदान. त्यासाठी अतिदक्षता विभाग लागत नाही. वयाची फारशी अट नाही. चष्मा असो, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो, मधुमेह असो, काही अडत नाही. वृद्धापकाळाने घरात शांतपणे गेलेल्या आजीचेही डोळे देता येतात. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, त्यांचं काम अर्ध्या तासात आटोपतं आणि चेहरा मुळीच विद्रूप होत नाही. घरात एकदा नेत्रदान झालं की त्या घराला त्याचं भय राहत नाही. उलट, "आमच्या आईचे डोळे कुणाला तरी लागले," हे पुढे अभिमानाने सांगितलं जातं.

मात्र एक पथ्य पाळा. 'आधी डोळ्यांचं कबूल करून घेते, मग बाकीचं गळ्यात मारते,' असा कावा मनात ठेवू नका. घरच्यांना तो लगेच कळतो आणि विश्वास एकदा उडाला की उडालाच.

कायद्याने सगळं होतं का?

काही देशांत अशी पद्धत आहे, की तुम्ही 'नको' असं लिहून दिलं नाही तर तुमचा होकारच धरायचा. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन या संशोधकांनी २००३ साली युरोपातल्या देशांची तुलना केली. ऑस्ट्रियात संमती धरलेल्यांचं प्रमाण ९९.९८ टक्के होतं, तर शेजारच्या जर्मनीत, जिथे आपणहून नाव नोंदवावं लागे, तिथे अवघं १२ टक्के. ऑस्ट्रियातली माणसं दानशूर आणि जर्मनीतली कंजूष, असं थोडंच आहे? अर्ज भरायचा आळस सगळीकडे सारखाच! एका देशात त्या आळसाचा अर्थ 'हो' आणि दुसऱ्यात 'नाही'.

तुम्ही म्हणाल, मग आपल्याकडेही तसाच कायदा करून टाकावा की! पण स्पेनची हकीकत ऐका. तिथे होकार धरून चालण्याचा कायदा १९७९ सालीच झाला होता. दहा वर्षांत त्याने विशेष फरक पडला नाही. १९८९ साली मूत्रपिंडविकारांचे डॉक्टर राफाएल मातेसान्स यांच्या पुढाकाराने तिथे राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिली, तेव्हा दर दहा लाख लोकवस्तीमागे वर्षाला १४ दाते मिळत होते. २०१९ साली तो आकडा ४९ वर गेला होता. भारतात मात्र तो एकाच्याही खालीच राहिला आहे.

स्पेनने केलं तरी काय? कायदा हाती असूनही त्यांनी घरच्यांना विचारल्याशिवाय एकही अवयव घेतला नाही. विचारायला माणूस कोण असावा, याचा मात्र नीट विचार केला. रुग्णालयारुग्णालयातून समन्वयक नेमले, बहुधा अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर, आणि दुःखात असलेल्या माणसाशी कसं बोलावं, याचं त्यांना रीतसर शिक्षण दिलं. मृत्यूची बातमी आणि दानाचा प्रश्न एका दमात सांगायचा नाही. आधी बातमी सांगायची, बसू द्यायचं, रडू द्यायचं, पाणी द्यायचं. 'तो गेला' हे मनात उतरल्यावरच पुढचं बोलायचं. आपल्याकडेही २०११ च्या सुधारणेनंतर प्रत्यारोपणाशी संबंधित रुग्णालयांना असे समन्वयक नेमणं बंधनकारक झालं आहे.

या संथपणाचं महत्त्व कळायला जगातलं पहिलं हृदयरोपण आठवावं. डिसेंबर १९६७. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये डेनिस डार्व्हल ही २५ वर्षांची मुलगी आईबरोबर केक आणायला उतरली आणि रस्ता ओलांडताना मोटारीने दोघींना उडवलं. आई जागीच गेली, डेनिसचा मेंदू गेला. एका दिवसात बायको आणि मुलगी गमावलेल्या एडवर्ड डार्व्हल यांच्यापुढे डॉक्टरांनी हृदयदानाचा प्रश्न ठेवला. लेकीने आपल्याला दिलेल्या भेटी त्यांना आठवल्या. सुमारे चार मिनिटं विचार करून ते 'हो' म्हणाले. तिचं हृदय लुईस वॉशकान्स्की या किराणा व्यापाऱ्याला बसवण्यात आलं. ते १८ दिवस जगले. पण पुढच्या सगळ्या हृदयरोपणांची वाट तिथूनच निघाली. त्या बापाचं मन मोठं, यात शंका नाही. पण चार मिनिटांत असं उत्तर द्यायची पाळी कुणावरच येऊ नये. घरात आधी बोलणं झालेलं असेल, तर त्या चार मिनिटांत नव्याने ठरवावं लागत नाही, आठवलं की पुरतं.

एका मुलाची गोष्ट

आकड्यांनी जे होत नाही ते कधीकधी एका गोष्टीने होतं. १९९४ च्या सप्टेंबरात निकोलस ग्रीन हा सात वर्षांचा अमेरिकन मुलगा आईवडिलांबरोबर इटलीत फिरायला गेला होता. रात्री हमरस्त्यावर दरोडेखोरांनी त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर झोपलेल्या निकोलसच्या डोक्यात गोळी लागली आणि दोन दिवसांनी तो गेला. परक्या देशात, ज्या देशाच्या माणसांनी आपलं मूल मारलं त्याच देशातल्या सात जणांना रेग आणि मॅगी ग्रीन यांनी त्याचे अवयव आणि डोळे दिले. सारा इटली हेलावून गेला. पुढच्या दहा वर्षांत तिथलं अवयवदानाचं प्रमाण तिपटीवर गेलं.

आपल्याकडेही असं घडलं आहे. २००८ च्या सप्टेंबरात तामिळनाडूत हितेंद्रन हा १५ वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात मेंदूमृत झाला. त्याचे आईवडील दोघंही डॉक्टर. त्यांनी अवयव द्यायचं ठरवलं. चेन्नईच्या गर्दीतून पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिला आणि त्याचं हृदय एका लहान मुलीपर्यंत पोचलं. घरोघर त्या मुलाचं नाव झालं, सरकारही जागं झालं, आणि त्यानंतर अवयवदानात तामिळनाडू देशात पुढे राहिला.

म्हणून घरी बोलताना वर्तमानपत्रात आलेली अशी एखादी बातमी हातात असू द्या. "हे वाचलंत का?" एवढ्या तीन शब्दांनी विषय निघतो.

"पण लोक काय म्हणतील?"

विषय निघाला की शंका येणारच. त्यांना हसण्यावारी नेऊ नका आणि 'तुम्हाला काही कळत नाही' असंही म्हणू नका.

सासूबाई म्हणतील, "डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळं व्हायला होतं म्हणे!" त्यांच्याशी शास्त्राचा वाद घालू नका. दधीचींची आठवण द्या. अस्थी दिलेल्या ऋषींना कुणी पापी म्हणालं का, विचारा. वसईकडच्या किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती मैत्रिणींना सांगता येईल, की पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोममधल्या प्रत्यारोपणाच्या परिषदेत अवयवदानाची वाखाणणी केली होती. ज्या घरात मौलवींचा किंवा महाराजांचा शब्द मानतात, तिथे त्यांनाच विचारून घ्यावं. जाणत्याचा शब्द तुमच्या दहा शब्दांपेक्षा वजनदार असतो.

दीर म्हणतील, "कार्ड पाहिलं की डॉक्टर वाचवायचे प्रयत्नच सोडतील." उपचार करणारे वेगळे आणि अवयव काढणारे वेगळे, हे त्यांना सांगा, चार डॉक्टर आणि सहा तासांचा नियमही सांगा. यजमान खर्चाची काळजी करतील. मेंदूमृत्यू जाहीर होऊन संमती दिल्यानंतर दात्याच्या देखभालीचा खर्च त्याच्या घरच्यांकडून घ्यायचा नाही, असा नियम आहे. देह व्यवस्थित टाके घालून परत मिळतो आणि अंत्यविधी रीतीप्रमाणे करता येतात. अपघाताच्या प्रकरणात शवविच्छेदनासाठी रात्रभर थांबावं लागेल ही भीतीही आता उरलेली नाही. अवयवदान होणार असेल तर सूर्यास्तानंतरही ते करण्याची मुभा २०२१ पासून आहे.

मन वळवणं आणि मन मोडणं

आता जरा नाजूक, पण आपल्याशी अगदी जवळून निगडित अशी गोष्ट. आतापर्यंत बोललो ते मृत्यूनंतरच्या दानाबद्दल. पण आपल्या देशात बहुतेक मूत्रपिंडं आणि यकृताचे तुकडे येतात ते जिवंत माणसांकडून. ही जिवंत माणसं कोण? देशातल्या २०१९ सालच्या प्रत्यारोपणांचा अभ्यास झाला, तेव्हा जिवंत दात्यांमध्ये पाचांतल्या चार स्त्रिया निघाल्या, बहुतेक बायका आणि आया. आणि घेणाऱ्यांमध्ये पाचांतले चार पुरुष!

यांतल्या कितीतरी जणींनी प्रेमाने, आनंदाने दिलं असेल; त्यांना नमस्कारच करायला हवा. पण कितीजणींना "तो कमावता आहे, तुझं काय, घरीच तर असतेस," असं ऐकावं लागलं असेल? कितीजणींना नुसतं कुणी काही न बोलताच, सगळ्या घराच्या नजरांनी सांगितलं असेल? मन वळवण्याचे जे सहा धागे वर सांगितले, ते सगळेच्या सगळे सुनेच्या गळ्याभोवती आवळता येतात. परतफेड, दिलेला शब्द, चारचौघींची रीत, वडीलधाऱ्यांचं वजन. तेव्हा ते मन वळवणं राहत नाही.

हा धोका नियम करणाऱ्यांच्याही ध्यानात आला आहे. जिवंत दाता स्त्री असेल तर अधिक खबरदारी घ्यावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी पडताळून पाहावी, असं २०१४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. हे प्रत्येकीला ठाऊक हवं. तुमच्या बहिणीवर, भाचीवर, शेजारणीवर अशी वेळ आली, तर तिला डॉक्टरांशी एकटीने बोलायची सोय करून द्या. तिथे ती 'नको' म्हणाली, तर तो शब्द अखेरचा माना. मृत्यूनंतरची दानं जितकी वाढतील, तितका जिवंत बायकांवरचा हा भार कमी होईल. आपण हा विषय घरात काढायला हवा, त्याचं हेही एक मोठं कारण आहे.

आणि जो न्याय सुनेला, तोच घरातल्या सगळ्यांना. सगळं ऐकून घेऊनही सासऱ्यांनी सांगितलं, "मला नको, मला जसा आलो तसाच जाऊ द्या," तर त्यांची इच्छा तितक्याच आदराने लक्षात ठेवा. त्यांची 'नाही' माहीत असणं हेही घराच्या उपयोगाचंच आहे. नंतर कुणाच्या मनाला टोचणी राहत नाही.

घरी बोलताना एवढं लक्षात ठेवा

० आजारपणात, दवाखान्यात किंवा कुणाच्या तेराव्याला विषय काढू नका. सगळे निवांत असतील, प्रवासात किंवा रात्रीच्या जेवणानंतर, तेव्हा काढा.

० आधी स्वतःची इच्छा सांगा. "माझ्या बाबतीत असं करा," या वाक्याला कुणी वाद घालत नाही. दुसऱ्यांना मग विचारा.

० एकाच बैठकीत उत्तर मागू नका. विषय काढा, सोडून द्या, महिन्याभराने पुन्हा काढा.

० भीती घालू नका, लाजवू नका. प्रश्न विचारा आणि गप्प बसून ऐका.

० ठरलेलं लिहून ठेवा. प्रतिज्ञापत्र भरलंत तर त्याची प्रत विम्याच्या कागदांशेजारी ठेवा, आणि ती तिथे आहे हे निदान दोघांना सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत निर्णय आईवडिलांचा असतो, तेव्हा नवराबायकोने आपसात बोलून ठेवावं.

० जवळच्या नेत्रपेढीचा नंबर शोधून टेलिफोनच्या वहीत आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. पेढीला कळवल्यावर गेलेल्या माणसाच्या पापण्या मिटवा, पंखा बंद करा, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा आणि डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवा.

३ ऑगस्ट हा आपल्याकडे अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं. पण घरात बोलायला तारखेची वाट कशाला बघायची? येत्या रविवारी दुपारचा चहा टाकाल, तेव्हा यजमानांना सहज विचारून पाहा, "अहो, तुमची काय इच्छा आहे हो?" पहिल्यांदा ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढणार नाहीत कदाचित. दुसऱ्यांदा काढतील.